मुलांचा समोरचा पक्का दात तुटतो तेव्हा

वाचकांचे प्रश्न, दंतवैद्यांची उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची होती: पडल्यामुळे किंवा खेळताना मुलाचा समोरचा कायमचा दात तुटला, आता काय करावे? त्यांतील पाच पत्रे निवडून त्यांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न: माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात शाळेच्या पायऱ्यांवर तो तोंडघशी पडला आणि वरचा समोरचा एक दात तिरका, साधारण एक तृतीयांश तुटला. ओठ फुटून रक्त आले, दातातून मात्र आले नाही. तुटलेला तुकडा बाईंनी कागदात गुंडाळून दिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे काढला, दातावर पांढरा लेप बसवला आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावले. थंड पाणी लागले की तो अजूनही कळवळतो. घरातील सगळ्यांचे म्हणणे असे, की आताच रूट कॅनाल करून कॅप बसवावी, म्हणजे काळजी मिटेल. एवढ्याशा लेपावर थांबणे योग्य आहे का? आणि त्या तुकड्याचा आता काही उपयोग आहे का?

उत्तर: तुमच्या डॉक्टरांनी केले ते योग्यच आहे आणि रूट कॅनालची घाई अजिबात करू नका, हे सर्वांत आधी सांगतो. त्यामागचे कारण घरातील मोठ्यांनाही समजावून सांगण्यासारखे असल्याने जरा सविस्तर लिहितो.

वरचे मधले दोन पटाशीचे दात साधारणपणे सातव्या-आठव्या वर्षी उगवतात. हिरडीबाहेर दिसणारा त्यांचा भाग तेव्हा पूर्ण घडलेला असतो, पण आतले मूळ अजून वाढत असते आणि ते पूर्ण लांबीचे होऊन त्याचे टोक बंद व्हायला दात उगवल्यापासून पुढे सुमारे तीन वर्षे जावी लागतात. तुमच्या मुलाचा एक्स-रे उजेडासमोर धरून पाहिलात तर बहुधा हे तुम्हालाही दिसेल: मुळाच्या भिंती पातळ आहेत, मधली पोकळी रुंद आहे आणि वरचे टोक नरसाळ्याच्या तोंडासारखे उघडे आहे. या भिंती जाड करण्याचे आणि ते टोक बंद करण्याचे काम दाताच्या पोकळीतील जिवंत दंतमज्जा करते, जिला आपण रोजच्या बोलण्यात दाताची नस म्हणतो. रूट कॅनाल करताना ही नस काढून टाकतात; ती काढली की मुळाची वाढ जिथल्या तिथे थांबते, आणि पातळ भिंतींचा तो दात पुढे एखाद्या लहानशा धक्क्यानेही हिरडीजवळ मोडू शकतो. जी नस जिवंत आहे ती या वयात काढणे म्हणजे दाताचे उरलेले बांधकाम अर्धवट सोडून देणे होय. म्हणून अशा दाताच्या बाबतीत आधी नस जपायची आणि आकार, रंग, सौंदर्य यांचा अंतिम निर्णय मूल मोठे झाल्यावर घ्यायचा, असा क्रम ठेवावा लागतो.

आता लेपाविषयी. दाताचे बाहेरचे कठीण आवरण म्हणजे एनॅमल. त्याला संवेदना नसते. त्याच्या आतला पिवळसर थर डेंटिनचा असतो आणि त्यात नसेपर्यंत पोचणाऱ्या असंख्य सूक्ष्म नलिका असतात. लहान मुलांमध्ये या नलिका मोठ्यांपेक्षा अधिक रुंद असतात. दात तुटून डेंटिन उघडे पडले की थंड पाणी आणि हवा त्या नलिकांतून नसेला जाणवते, आणि जंतूंनाही आत शिरायला तीच वाट मिळते. ग्लास आयोनोमर (दातांसाठीचे एक सिमेंट) किंवा काँपोझिट (दाताच्या रंगाचे, दातावर चिकटवायचे द्रव्य) यांचा लेप ही वाट बंद करतो. तो दिसायला किरकोळ वाटला तरी नस वाचवण्याचे मुख्य काम त्यानेच होते, त्यामुळे तो निघाला किंवा त्याचा टवका उडाला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच जाऊन पुन्हा बसवून घ्यावा.

दात शिवशिवणे काही आठवडे राहू शकते. ते दिवसेंदिवस कमी होत आहे का, एवढे पाहावे. थंड पाणी गिळून झाल्यावरही कळ बराच वेळ टिकू लागली, रात्री काही कारण नसताना ठणका लागू लागला, हिरडी सुजली किंवा दाताच्या वर हिरडीवर पुळी आली, तर सहा आठवडे थांबू नये.

डॉक्टरांनी पुन्हा का बोलावले, तेही सांगतो. नस जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी दाताला गार स्पर्श करून किंवा सौम्य विद्युतप्रवाह देऊन तपासतात. मार बसल्यानंतर जिवंत नसही कधी कधी तीन महिन्यांपर्यंत प्रतिसाद देत नाही. म्हणूनच अपघातानंतर लगेच झालेल्या चाचणीत प्रतिसाद मिळाला नाही, एवढ्यावरून नस मेली असे कोणी ठरवू नये. खरा पुरावा काळाने मिळतो: सहा ते आठ आठवड्यांनी आणि नंतर वर्षाने काढलेल्या एक्स-रेमध्ये या दाताचे मूळ शेजारच्या दाताच्या बरोबरीने वाढलेले दिसले, तर नस काम करते आहे हे कळते. दात आता ठीक दिसतो म्हणून वर्षानंतरची तपासणी टाळणारे पालक फार असतात, आणि त्यांतील काहींना पुढे त्याची किंमत मोजावी लागते.

तुकड्याचा उपयोग अजूनही होण्याची चांगली शक्यता आहे. तो कागदातून काढून आजच स्वच्छ पाण्यात ठेवा आणि पाण्यासकट डॉक्टरांकडे न्या. कोरडा पडलेला तुकडा पांढराफटक आणि ठिसूळ होतो. जोडण्याआधी तो किमान वीस मिनिटे भिजवला की त्याचा रंगही सुधारतो आणि तो अधिक घट्ट चिकटतो. मग डॉक्टर लेप काढून तुकडा दातावर नेमका बसतो का ते पाहतात, दोन्ही कडांवर सौम्य आम्ल लावून त्या चिकटण्याजोग्या करतात आणि काँपोझिटने तुकडा जोडून निळ्या प्रकाशाने पक्का करतात. या उपायात रंग, चकाकी आणि आकार मुलाच्या स्वतःच्या दाताचेच राहतात, म्हणून तुकडा सापडला की मला फार समाधान वाटते. तो नीट बसत नसेल तर तोच आकार काँपोझिटने घडवता येतो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने घरीच तुकडा बसवण्याचा प्रयत्न मात्र कोणीही करू नये.

एक गोष्ट तपासून घ्या. तुकडा दातावर ठेवल्यावर दात पूर्ण होतो का, की मध्ये फट राहते? ओठ फुटलेला असताना दाताचा काही भाग हरवलेला असेल, तर तो ओठातच रुतलेला असू शकतो. जखम भरून आली तरी तेथे गाठ लागते. ओठाचा लहानसा एक्स-रे काढला की शंका मिटते. तुकडा मिळालाच नाही आणि मुलाला सारखा खोकला येऊ लागला किंवा श्वास लागू लागला, तर तो श्वासनलिकेत गेला आहे का हे रुग्णालयात तपासावे लागते. तसेच पडल्यानंतर मूल बेशुद्ध झाले, उलट्या करू लागले, गुंगीत राहिले किंवा त्याला घडलेले आठवेना, तर दाताचा विचार बाजूला ठेवून आधी डोक्याच्या मारासाठी रुग्णालय गाठावे. जखमेत माती गेली असेल तर धनुर्वाताची लस वेळच्या वेळी झाली आहे ना, तेही पाहावे.

सध्या समोरच्या दातांनी काहीही तोडून खायला देऊ नका, मऊ ब्रशने दात रोज नीट घासून घ्या आणि डॉक्टर सांगेपर्यंत धक्काबुक्कीचे खेळ थांबवा.

प्रश्न: माझ्या आठ वर्षांच्या मुलीचा समोरचा दात परवा झोपाळ्याची फळी लागून तुटला. तुटलेल्या जागी मधोमध लाल ठिपका दिसतो आणि त्यातून थोडे रक्त येत होते. एका डॉक्टरांनी सांगितले की नसेचा फक्त वरचा थोडासा भाग काढू. दुसऱ्यांचे मत पूर्ण रूट कॅनाल करावे असे आहे. दोन दिवस गेल्यामुळे आता उशीर झाला असेल, अशी भीती वाटते. कोणाचे ऐकावे?

उत्तर: तुम्ही जे वर्णन केले आहे त्यावरून पहिल्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो, आणि उशीर झालेला नाही.

लाल ठिपका म्हणजे नस उघडी पडली आहे. रक्त येते आहे, याचाच अर्थ ती जिवंत आहे. उघड्या नसेवर पहिल्या काही दिवसांत जो दाह होतो तो साधारणपणे पृष्ठभागापासून दोन मिलिमीटरच्या आतच राहतो. त्याखालची नस निरोगी असते. तेवढाच बिघडलेला भाग काढून खालचा भाग राखायचा, अशी ही शस्त्रक्रिया आहे. स्वीडनमधील दंतवैद्य मिओमिर त्स्वेक यांनी १९७८ मध्ये अशा ६० दातांवरील उपचारांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील बहुतेक सर्व दात वाचले होते. त्यात उघड्या पडलेल्या जागेचा आकार किंवा अपघातानंतर गेलेला वेळ यांमुळे निकालात मोठा फरक पडला नाही. तेव्हापासून मुलांच्या अशा दातांसाठी ही पद्धत जगभर मान्य झालेली आहे.

प्रत्यक्षात काय होते ते मुलीला आधीच सोप्या शब्दांत सांगितले तर तिची भीती पुष्कळ कमी होईल. दात बधिर करतात, लाळ लागू नये म्हणून दाताभोवती पातळ रबराचा पडदा लावतात आणि पाण्याच्या धारेखाली, हलक्या हाताने नसेचा वरचा सुमारे दोन मिलिमीटर भाग काढतात. मग सलाइनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा काही मिनिटे हलका दाबून ठेवतात. रक्त थांबले तर खालची नस निरोगी आहे असे समजून तिच्यावर कॅल्शियम हायड्रॉक्साइड किंवा कॅल्शियम सिलिकेट प्रकारच्या सिमेंटचा थर देतात आणि वर काँपोझिटने दात बंद करतात. रक्त थांबतच नसेल तर आणखी थोडा भाग काढतात. काही महिन्यांत नस त्या थराखाली नवे कठीण आवरण तयार करते आणि मूळ वाढत राहते. सिमेंटच्या काही प्रकारांनी समोरचा दात करडा पडतो, म्हणून ‘डाग न पडणारा प्रकार वापराल का’ असे डॉक्टरांना जरूर विचारा. यानंतर सहा ते आठ आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष अशा टप्प्यांनी तपासणी होते.

दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला नस मेलेली असती तर विचारात घ्यावा लागला असता. पण आठव्या वर्षी मुळाचे टोक उघडे असल्याने तेव्हाही नेहमीचे रूट कॅनाल करता येत नाही. टोकाशी सिमेंटचा अडसर बसवणे किंवा मुळात पुन्हा रक्तपुरवठा आणण्याचा प्रयत्न करणे, असे वेगळे उपचार करावे लागतात. जिवंत नसेची संधी हातात असताना तिकडे जाण्याचे कारण नाही.

तोवर दातावर लवंगेचे तेल लावू नका. ते उघड्या नसेला झोंबते आणि त्यातील युजेनॉलमुळे नंतर काँपोझिट नीट पक्के होत नाही. दुखत असेल तर वजनानुसार पॅरासिटामॉल द्या. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. आणि कृपा करून उद्यावर ढकलू नका.

प्रश्न: मुलगी बारा वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी पडून तिच्या समोरच्या दाताचा जरासा टवका उडाला होता. दुखत नव्हते म्हणून दाखवले नाही. आता तो दात शेजारच्या दातापेक्षा करडा दिसतो. अजूनही दुखत नाही. तसेच राहू दिले तर चालेल का?

उत्तर: चालणार नाही, या आठवड्यातच दाखवा. न दुखणे हे या बाबतीत चांगले लक्षण असेलच असे नाही, कारण मेलेली नस दुखत नाही. मार लागला तेव्हा टवका लहान होता, पण त्याच धक्क्याने मुळाच्या टोकाशी नसेचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. अशी नस आतल्या आत हळूहळू सडते आणि मुळाभोवतीचे हाड झिजू लागेपर्यंत मुलाला काही जाणवतही नाही.

अर्थात, केवळ रंगावरून निदान करू नये. अपघातानंतर पहिल्या काही आठवड्यांत आलेला करडेपणा कधी कधी आपोआप जातो. दात पिवळा पडला असेल तर बहुधा नसेनेच पोकळी आतून भरत आणलेली असते आणि सहसा नुसते लक्ष ठेवले तरी पुरते. दोन वर्षांनंतर दिसणारा करडा रंग मात्र संशयास्पद आहे. एक्स-रेमध्ये दोन्ही मधल्या दातांची मुळे शेजारी शेजारी पाहा: या दाताचे मूळ आखूड, पोकळी रुंद आणि टोक अजून उघडे असेल, तर नस दोन वर्षांपूर्वीच थांबली होती असे मानावे लागेल. मग वर दुसऱ्या उत्तरात सांगितलेले उघड्या टोकाचे उपचार करावे लागतील. रंगासाठी दात घासून कॅप बसवावी लागेल असे समजू नका, कारण उपचार पूर्ण झाल्यावर दाताला आतून ब्लीचिंग करून रंग बराच उजळता येतो.

प्रश्न: मी खेळाचा शिक्षक आहे. मैदानावर एखाद्या मुलाचा समोरचा दात मुळासकट बाहेर पडला तर डॉक्टर मिळेपर्यंत मी काय करावे? आणि असे अपघात कमी कसे करता येतील?

उत्तर: हा प्रश्न तुम्ही आधी विचारलात याचे फार बरे वाटले, कारण अशा वेळी मिनिटांना महत्त्व असते आणि जवळ असलेल्या माणसाच्याच हातात दाताचे भवितव्य असते.

दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका आणि ते घासू नका. माती लागली असेल तर दूध किंवा सलाइनने, तेही नसेल तर मुलाच्याच लाळेने काही सेकंद धुवा आणि गुळगुळीत बाजू पुढे ठेवून, हलक्या हाताने जागेवर बसवा. मग मुलाला स्वच्छ रुमाल दातांखाली हलका दाबून धरायला सांगा आणि थेट दंतवैद्याकडे न्या. बसवणे जमले नाही तर दात थंड दुधात ठेवून न्या. दूध नसेल तर एखाद्या भांड्यात मुलाने थुंकलेल्या लाळेत ठेवावा. साधे पाणी त्याला मानवत नाही, पण कोरडा ठेवण्यापेक्षा पाणी बरे. मुळावरील पेशी कोरड्या राहिल्या की झपाट्याने मरतात आणि तास उलटला तर त्या वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही. त्यानंतरही दात बसवणे उपयोगाचे असते, म्हणून तो फेकू नये. हे सारे केवळ कायमच्या दातांना लागू आहे. दुधाचा दात पुन्हा बसवायचा नसतो, कारण त्याने खालच्या पक्क्या दाताला इजा होते. सहा-सात वर्षांच्या मुलांच्या बाबतीत दात कोणता हे आधी ओळखावे.

अपघात टाळण्याच्या बाबतीत माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. चेंडू, काठी किंवा अंगावर धावून जाणे ज्या खेळांत आहे त्या खेळांत दंतवैद्याने मापाप्रमाणे बनवलेला माउथगार्ड, म्हणजे दातांवर बसवायचे संरक्षक कवच, सरावालाही घालायला लावा; मुलांचे दात आणि जबडा वाढत असल्याने तो अधूनमधून बदलावा लागतो. आणि ज्यांचे वरचे दात पुढे आलेले आहेत, ओठ मिटत नाहीत, अशा मुलांच्या पालकांना दात मागे घेण्याच्या उपचारांबद्दल दंतवैद्याला विचारायला सांगा, कारण अशा मुलांचे दात पडल्यावर तुटण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

प्रश्न: मी चौदा वर्षांची आहे. तिसरीत असताना माझा समोरचा दात तुटला होता आणि त्यावर काँपोझिट लावले आहे. ते आतापर्यंत दोनदा निघाले आणि आता पिवळट दिसते. मी फोटोत तोंड मिटून हसते. मला आताच कॅप हवी आहे, पण डॉक्टर अठरा वर्षांची होईपर्यंत थांब म्हणतात. इतकी वर्षे असेच राहायचे का?

उत्तर: असेच राहायचे नाही, आणि तोंड मिटून हसायचे तर मुळीच नाही. कॅपसाठी थांबायचे असले तरी चांगल्या दिसणाऱ्या दातासाठी थांबण्याची गरज नाही.

तुझे डॉक्टर थांबायला सांगतात त्याला दोन कारणे आहेत. कॅप बसवण्यासाठी दात चहूबाजूंनी घासावा लागतो, आणि तुझ्या वयात दाताच्या आतली नस मोठी, पृष्ठभागाच्या जवळ असते. घासताना तिला इजा झाली तर आजवर वाचलेली नस गमवावी लागेल. दुसरे म्हणजे हिरडीची पातळी अजून वर सरकते आहे. आज हिरडीखाली लपलेली कॅपची कड काही वर्षांनी दिसू लागेल आणि कॅप बदलावी लागेल. घासलेला दात परत येत नाही, काँपोझिट मात्र काढून पुन्हा नवे लावता येते.

म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांग, की जुने काँपोझिट पूर्ण काढून नवे हवे आहे, आणि ते एकाच छटेचे न लावता डेंटिनसाठी एक आणि एनॅमलसाठी दुसरी अशा थरांनी लावून शेवटी नीट पॉलिश केलेले हवे आहे. रंग दात ओला असताना, काम सुरू करण्यापूर्वीच जुळवून घ्यायला सांग. अशा प्रकारे केलेला दात बोलताना समोरच्याला ओळखूही येत नाही आणि बहुतेक वेळा तो एका बैठकीत होतो. काँपोझिट दोनदा का निघाले याचा शोधही घ्यायला हवा: खालचा दात नेमका त्याच कडेवर आपटतो का, तुला नखे किंवा पेन चावण्याची सवय आहे का, हे डॉक्टर तपासतील. नव्याचा आकार आवडला की त्याचा सिलिकॉनचा साचा घेऊन ठेवायला सांग. पुढे पुन्हा टवका उडाला तर त्या साच्यावरून तोच आकार फार वेळ न घालवता परत बनवता येतो.